भाऊ, बहीण आणि १ जुलै १९८७

नाशिकला शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमध्ये मी वर्षानुवर्षं एकाच ताईंकडून स्वेटर घेते. माल लुधियानाचा, हे त्या लपवत नाहीत. त्यांचा जन्म १९८५ चा, कर्नाटकातल्या बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतला. धाकटा भाऊ तिथलाच, पण १९८९ चा. मी वकिली करते हे कळल्यापासून स्वेटरबरोबर अधूनमधून एखादा कागदही माझ्यापुढे सरकतो.

परवाचा कागद भावाचा होता. त्याला जर्मनीत एका लग्नाला जायचंय. तिबेटी निर्वासितांना आपलं सरकार प्रवासासाठी ओळख प्रमाणपत्र देतं. वही पिवळी, सगळे तिला आयसी म्हणतात. तिच्यावर व्हिसा मिळवायचा ही एक कटकट. पण भारतात परत यायलाही आधी ‘हरकत नाही’ असा शिक्का घ्यावा लागतो. जन्म इथला, धंदा इथला, आणि घरी यायला परवानगी! माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. देशाचे पासपोर्ट तिथे छापतात, त्यामुळे आमच्या घरी पासपोर्ट म्हणजे बाबांच्या खात्यातला माल. तो एखाद्याला मिळतच नाही, असं काही असतं हे मला कायद्याच्या पुस्तकातच कळलं.

आता खरी गोम. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ३. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. आईबाप कोण हा प्रश्न नाही (परदेशी राजदूतांची मुलं वगैरे सोडून). १ जुलै १९८७ पासून मात्र आई किंवा वडील नागरिक हवेत. म्हणजे एकाच आईची दोन लेकरं, ताई भारतीय आणि भाऊ परदेशी. नामग्याल डोलकर यांचा, म्हणजे अशाच एका तिबेटी बाईंचा, जन्म १९८६ मध्ये हिमाचलातल्या कांगड्यात झाला. पासपोर्ट नाकारला म्हणून त्या दिल्ली हायकोर्टात गेल्या, आणि डिसेंबर २०१० मध्ये कोर्टाने त्यांना जन्माने नागरिक ठरवलं. पुढे २०१७ मध्ये सरकारने अशा लोकांना पासपोर्ट द्यायचं मान्य केलं, पण अटी घालून: निर्वासित म्हणून मिळालेले कागद परत करा, वसाहत सोडा. मला हे पटत नाही. जे जन्मानेच मिळालंय त्यासाठी घर सोडायला लावणं हे कुठल्या कलमात बसतं?

भावाचं काय? आंतरराष्ट्रीय कायदा इथे हात झटकतो. कुणाला नागरिक मानायचं हे ज्या त्या देशाने ठरवावं, असं १९३० च्या हेग करारातच आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं पंधरावं कलम प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क देतं. पण तो कुठल्या देशाकडे मागायचा, ते सांगत नाही. राष्ट्रहीनांसाठी, म्हणजे कुठलाच देश आपलं मानत नाही अशांसाठी, १९५४ चा आणि १९६१ चा असे दोन करार आहेत. भारत त्या दोन्हींत नाही, १९५१ च्या निर्वासित करारातही नाही. आणि चीन भावाला आपला म्हणेल का, हा तर वेगळाच वाद.

तरी तो अगदी उघड्यावर नाही. राज्यघटनेचं १४ वं आणि २१ वं कलम ‘व्यक्ती’ला संरक्षण देतं, नागरिक असो वा नसो. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच ठणकावलं. पण देशात हवं तिथे राहायचा, हवा तो व्यवसाय करायचा हक्क १९ व्या कलमातला, तो फक्त नागरिकांचा.

जाता जाता, याच शरणपूरच्या मिशनमध्ये एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकली. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी संशोधक लिव्हिंगस्टन, त्याचं शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांतला जेकब वेनराइट हा इथलाच विद्यार्थी. ती मुलं कोणत्या देशाची, हे विचारायचं कुणाला सुचलं असेल?

ताई स्वतःसाठी पासपोर्टचा अर्ज करणार नाहीत. बैलकुप्प्याचं घर सोडायचं नाही, विषय संपला. पण त्यांचा मुलगा २००९ चा. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांना आईबापांपैकी एक नागरिक लागतो आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. आई तर कायद्याने नागरिक आहेच. प्रश्न वडिलांचा, ते सीमा ओलांडून कधी आणि कोणत्या कागदावर आले, ते आधी पाहावं लागेल. ताईंना म्हटलं, नवऱ्याचं सगळ्यात जुनं नोंदणीपत्र शोधून ठेवा.