मारवा, तीन हेडफोनवर

आज दुपारी रामबागेत मामाकडे गेले होते. दादाने तीन हेडफोन काढून ठेवले होते: सेनहायझरचे एचडी ६५० आणि एचडी ८००, आणि ऑडेझीचा एलसीडी-२. आपल्या इंदूरात बसलोय म्हटल्यावर इंदूर घराण्याचे गायक उस्ताद अमीर खाँ. मारवा रागाचा विलंबित (संथ लयीचा) ख्याल, जुनं मोनो ध्वनिमुद्रण, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज.

दोन्ही सेनहायझरचा विद्युतरोध ३०० ओहम, म्हणजे नुसत्या फोनवर ते पुरेसे जोरात वाजत नाहीत, म्हणून अॅम्प्लिफायर जोडला. दर वेळी आवाजाची पातळी सारखी करूनच ऐकलं, कारण जरा मोठं वाजलं की तेच चांगलं वाटायला लागतं.

६५० वर खाँसाहेबांचा खर्ज उबदार, जणू हातभर अंतरावर बसून गातायत. वरचा भाग मऊ, त्यामुळे खरखर टोचत नाही. ८०० ने मात्र टेपची सळसळसुद्धा उघडी केली. ६ हजार हर्ट्झच्या आसपासचे तीव्र सूर तो जरा चढवून ऐकवतो, ती उचल मला बोचली. पण मग एका मैफलीचं स्टिरिओ मुद्रण लावलं आणि खोलीच्या भिंती मागे सरकल्या! एलसीडी-२ मध्ये चुंबकांपुढे ताणलेला पातळ पडदा असतो. डग्ग्याची घुमक इतकी भरीव मी कधी ऐकली नव्हती. मानेला जड आहे, तेवढं खरं.

मामी कितीतरी वर्षं तानपुऱ्यावर साथीला बसलीय. तिच्या कानावर ६५० ठेवला. डोळे मिटून तिचा अंगठा तर्जनीवर फिरायला लागला, तानपुऱ्याच्या तारेखालचा जवारीचा दोरा नाद खुलवायला सरकवावा तसा.

"खर्जाची तार किंचित उतरलीय गं," मामी म्हणाली.

आम्हा दोघांना ते तिन्हींवर ऐकू आलं नव्हतं.