लाल नोंद निघेपर्यंत: जंप जॉकीचा माझा अनुभव

ब्रिटनमध्ये उड्यांच्या रेसचं लायसन्स काढणं मला जड गेलं नाही. ट्रेनरकडे कंडिशनल, म्हणजे शिकाऊ जंप जॉकी, म्हणून लागायचं, न्यूमार्केट किंवा डॉनकास्टरच्या शाळेत कोर्स करायचा, अर्ज भरायचा. नवख्याच्या घोड्यावर वजन कमी ठेवतात, ती सूटही सरळ आहे: 20 रेस जिंकेपर्यंत 7 पौंड, 40 पर्यंत 5, 75 पर्यंत 3, मग काही नाही.

मला पिडलं ते डोक्याला मार बसल्यानंतरच्या परवानगीने. कॉलरबोन मोडलं तर एक्स-रे दिसतो, तारखेचा अंदाज येतो. कन्कशनचं, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला बसलेल्या धक्क्याचं, तसं नाही. रेसकोर्सवरच्या डॉक्टरला संशय आला की रेकॉर्डला लाल नोंद पडते आणि मग कुठल्याच रेसकोर्सवर घोड्यावर बसता येत नाही. आधी लक्षणं पूर्ण गेली पाहिजेत. मग हळूहळू व्यायाम, संगणकावर स्मरणशक्ती आणि प्रतिसादाची चाचणी, तिची तुमच्याच जुन्या चाचणीशी तुलना, तज्ज्ञाची तपासणी. शेवटची मंजुरी रेसिंगची नियामक संस्था असलेल्या ब्रिटिश हॉर्सरेसिंग ऑथॉरिटीच्या मुख्य वैद्यकीय सल्लागारांची.

हे सगळं हवंच. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर आयुष्यभराचं नुकसान होऊ शकतं. माझा राग आहे तो डॉक्टरने "ठीक आहे" म्हटल्यानंतरच्या दिरंगाईवर. माझा अहवाल तज्ज्ञाच्या क्लिनिकमध्ये टाइप व्हायचा होता म्हणून शनिवार-रविवार तसाच पडून राहिला. बुधवारी लडलोला रेस असेल तर घोडे मंगळवारी सकाळी 10 पर्यंत जाहीर होतात. मंजुरी साडेअकराला आली, तर तुमच्या घोड्यावर तोवर दुसऱ्याचं नाव लागलेलं असतं. तो बहुधा 7 पौंड सूटवाला पोरगा असतो, आणि घोडा जिंकला तर ती राइड पुन्हा तुमच्याकडे येत नाही. मोठ्या तबेल्याचा आधार नसलेल्या जॉकीला हे फार लागतं. एका राइडचे सुमारे दोनशे पौंड, त्यातून राइड मिळवून देणाऱ्या एजंटचे 10 टक्के, सामान सांभाळणारा व्हॅले, पेट्रोल.

म्हणून तज्ज्ञाकडची वेळ सोमवारची किंवा मंगळवारची सकाळचीच मागा. अहवाल कोण पाठवणार, कधी पाठवणार, हे निघण्यापूर्वी रिसेप्शनवर नाव घेऊन विचारा, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करा. एजंटला "बहुतेक उद्या" असं कधीही सांगू नका. तो राइड धरून ठेवतो आणि ऐनवेळी ट्रेनरसमोर तोंडघशी पडतो.

मूळ चाचणी, म्हणजे पुढे तुलनेला धरतात ती मार बसण्याआधीची, नीट झोप घेऊन, पाणी पिऊन द्या. वजन उतरवायला गरम पाण्यात घाम काढून तिथे जाऊन बसाल तर गुण खाली येतात. काहीजण मुद्दाम कमी गुण काढतात, म्हणजे पुढे पास होणं सोपं. ते स्वतःच्याच जिवाशी खेळणं आहे.

रिहॅबला लॅम्बोर्नचं ओक्सी हाउस किंवा माल्टनचं जॅक बेरी हाउस. दोन्ही जखमी जॉकींना मदत करणाऱ्या इंजर्ड जॉकीज फंड या संस्थेची, आणि तिथली माणसं मनापासून मदत करतात. पडल्याच्या दिवशीच तिथे फोन करा, लक्षणं जायची वाट बघत बसू नका. आणि ज्या हेल्मेटवर पडलात, ते वरून धड दिसलं तरी परत घालू नका. आतलं फोम दबलेलं असतं.