फाटलेलं बेचकं

रात्रीच्या वादळानं जुना शिरीष गल्लीत आडवा झालाय, असा निरोप होता. प्रत्यक्षात झाड उभंच होतं. जमिनीपासून अडीच मीटरवर बेचकं, त्यातली एक शाख फाटून समोरच्या भिंतीवर टेकलेली आणि बेचक्यापाशी लाकडाच्या चार-पाच पट्ट्यांनी अजून लटकलेली. छातीच्या उंचीवर घेर २४० सेंटिमीटर, म्हणजे व्यास पाऊण मीटरला थोडा वर. उंची १५ मीटरच्या आसपास.

रस्ता लवकर मोकळा व्हावा म्हणून भिंतीकडचं टोक आधी कापा, असा लोकांचा आग्रह. पण त्या टोकाच्या आधारावरच शाख थांबलेली. ते काढलं की सगळा भार पट्ट्यांवर, आणि त्या कधी तुटतील ते सांगता येत नाही. शिवाय डहाळ्यांत वायर गुंतली होती. ती टेलिफोनची की विजेची, हे खाली उभं राहून ठरवायचं नसतं. लाइन बंद करून अर्थिंग केल्याचं वीजवाल्यांनी दाखवेपर्यंत करवत गाडीतच राहिली. गल्ली दोन्हीकडून ३० मीटरवर अडवली, झाडाच्या उंचीच्या दुप्पट.

तेवढ्यात बुंध्याभोवती फिरून झालं. वाऱ्याच्या बाजूला जमिनीत भेग नव्हती, माती उचललेली नव्हती. मुळं धरून होती. गल्लीकडच्या बाजूला मात्र लाकडी हातोडीचा आवाज बदलला: ठण्‌ ठण्‌ चालू असताना एकदम ढब. तिथेच, रचलेल्या विटांमागे, बुंध्याला चिकटून तपकिरी, लाकडासारखी कडक अळंबी. ही दिसली की आत कूज आहे असंच धरून चालायचं.

शाखेला बेचक्याजवळ दोन टेकू दिले, गडगडू नये म्हणून दोरखंड बांधला. भार न घेणाऱ्या डहाळ्या आधी, जमिनीला टेकून वाकलेल्या शेवटी. वाकलेली डहाळी सुटताना चाबकासारखी येते. मग मुख्य काप. दोन्ही टोकांना आधार असलेली फांदी वरच्या अंगानं दाबलेली आणि खालच्या अंगानं ताणलेली असते. म्हणून वरून जाडीच्या एक तृतीयांशापर्यंतच जायचं आणि उरलेलं खालून वर कापायचं. आमच्यातला एक जण वरूनच खाली गेला. निम्म्यात फट मिटली आणि बार, म्हणजे करवतीची साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी, अडकला. अशा वेळी इंजिन बंद करायचं, हिसके द्यायचे नाहीत. फटीत प्लॅस्टिकच्या पाचरी ठोकून, खालचा टेकू जरा उचलून बार सोडवला. लोखंडी पाचर वापरली असती तर साखळीचे दात गेले असते. खालून कापताना साखळी करवतीला अंगावर ढकलते, तेव्हा कापाच्या रेषेत उभं राहू नये.

ओंडके एक-एक मीटरचे केले. ५० सेंटिमीटर जाडीचा असा ओला ओंडका २०० किलोच्या आसपास भरतो. दोघांनी उचलायचा विचारही करू नये.

शाख निघाल्यावर फाटलेला भाग उघडा झाला. मधोमध जुनी, काळपट साल, दोन शाखांमध्ये चिरडलेली. म्हणजे तिथे लाकूड कधी जुळलंच नव्हतं. वादळ फक्त निमित्त. फाट खोडात दीड मीटर खाली उतरलेली. ढब आवाजाच्या जागी बारीक ड्रिल घातलं तर पाच सेंटिमीटरनंतर हाताला काही लागेना, भुसा ओला आणि भुरभुरीत. पोकळ खोडाची धड भिंत त्रिज्येच्या साधारण ३० टक्के तरी असावी असा आमचा ठोकताळा. इथे हवी होती ११-१२ सेंटिमीटर. तीही खोड बंद असेल तर. फाटलेल्या खोडाला तो हिशेब लागूच पडत नाही.

उरलेली शाख गल्लीकडे झुकलेली. तिला ठेवा म्हणणारेही होते, आणि खरं तर मलाही ठेवायची होती. तरी झाड पूर्ण काढलं. फाटलेल्या खोडावर माणूस चढवत नाहीत, म्हणून बूम लिफ्टमधून, वरून खाली, प्रत्येक तुकडा दोरीवर.

पुढच्या शिरीषालाही असंच अरुंद, इंग्रजी व्हीसारखं बेचकं आहे, दोन्ही अंगांना फुगवटे आलेले. बुंधा मात्र खणखणीत वाजतो. त्याचा भार वरून कमी करायचा: टोकाच्या फांद्या, कापायच्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीच्या उपफांदीपर्यंत मागे घेऊन. पुढच्या वाऱ्यांच्या आधी.