पिवळ्या आयएफटीच्या शोधात : सातारा ते लॅमिंग्टन रोड

वडिलांनी १९७८ साली स्वतःच्या हाताने जोडलेला रेडिओ गेल्या दिवाळीत माळ्यावरून खाली काढला. लाकडी खोका, पुढे जाळीचं कापड, आत ट्रान्झिस्टर: बीएफ १९४, दोन बीएफ १९५, बीसी १४८ आणि शेवटी एसी १८७-१८८ ची जोडी. चार मोठे सेल घातले तर खरखर आली, म्हणजे जीव होता. स्टेशन मात्र पुसट लागत होतं. मी पिवळ्या आयएफटीचा गाभा लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने फिरवायला गेलो आणि तो तडकला. वडील असते तर हातावर चापट बसली असती.

ज्यांनी रेडिओ उघडून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आयएफटी म्हणजे इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मर, बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी. आत बारीक तारेचं वेटोळं, वर फेराइटचा रंगीत गाभा आणि त्याला फिरवायची खाच. लाल ती ऑसिलेटर कॉइल. मग पिवळा, पांढरा, काळा असे तीन आयएफटी ओळीने बसतात आणि ४५५ किलोहर्ट्झला जुळवलेले असतात. एक बिघडला की पूर्ण साखळी लंगडी होते.

साताऱ्यात राजपथाजवळच्या एका दुकानात हे सगळं मिळायचं. शाळेत असताना मी तिथे चार आण्यांचे रेझिस्टर घ्यायला जायचो. दुकानदार अप्पा रेझिस्टरवरच्या पट्ट्यांचे रंग मोठ्याने म्हणायला लावायचे: पिवळा, जांभळा, लाल. म्हणजे किती? चार हजार सातशे ओहम. चुकलं तर माल द्यायचे नाहीत, परत म्हणायला लावायचे. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं टांगलेली आहेत. मुलगा ओळखीचा आहे, त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. अप्पांच्या लाकडी खणांचं काय झालं ते विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण विचारलं नाही.

ऑनलाइन शोधून झालं होतं. दोन ठिकाणी फोटो होता, खाली ‘उपलब्ध नाही’. तिसऱ्या ठिकाणी माल होता, पण फोटोत पाय दिसत नव्हते. पिवळाच आहे की नुसता पिवळ्या रंगाचा आहे, हे विचारायला समोर माणूस नव्हता. म्हणून पिशवीत रेडिओ घातला आणि सकाळची एसटी धरली.

खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, कात्रज, स्वारगेट. तिथून भुयारी मेट्रोने एकच स्टेशन, मंडई. वर आलं की फुलांचा वास, आणि पाच-सात मिनिटं चाललं की बुधवार पेठेतला पासोड्या विठोबा. देवळासमोर पासोड्या, म्हणजे जाड पांघरुणं, विकायला बसत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. माझ्या कॉलेजच्या दिवसांत या भागात कुठल्याही दुकानात हात घातला तरी डायोड लागायचा. पुण्याच्या इंजिनिअरिंगच्या पोरांचे किती प्रोजेक्ट इथल्या काउंटरवर वाचले असतील! एसएल १०० ट्रान्झिस्टर जळाला, उद्या परीक्षा आहे, संध्याकाळचे साडेआठ वाजलेत, आणि शटर अर्धं ओढलेला दुकानदार वाकून आत जातो, दोन काढून देतो आणि सांगतो, “एक जास्तीचा ठेव, उद्या परत जाळशील.”

आता तिथे एलईडीच्या पट्ट्या, सीसीटीव्ही, पॉवर सप्लाय, तयार मॉड्यूल. एका दुकानात तीन मुलं सेन्सर बोर्ड घेत होती. बोर्डवरचे भाग डाळीच्या दाण्याहून बारीक. त्यातला एक जळला तर बदलायचा नाही, बोर्डच नवा घ्यायचा. त्या मुलांना मी दोष देत नाही. ती जे करतात ते मला त्यांच्या वयात कळलंही नसतं. पण सुटा भाग विकत घ्यायचं कारणच उरलं नाही, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. पूर्वी एका रेडिओत पन्नासेक सुटे भाग असत आणि त्यातला प्रत्येक भाग एखाद्या गावातल्या काउंटरवर कधी ना कधी मागितला जाई. आज ते सगळं एका चिपमध्ये बसतं. टीव्हीवाल्याकडे गेलं तर तोही अख्खं कार्डच बदलतो. दुरुस्ती करणारा गेला, की त्याच्या मागोमाग त्याला माल देणारा जातो.

आयएफटी म्हटल्यावर काउंटरवरचा तरुण माझ्याकडे बघत राहिला. मागे बसलेल्या काकांनी मात्र मान वर केली. “पिवळा ना? आमच्याकडचे संपून बरीच वर्षं झाली. लॅमिंग्टन रोडला जा. मुख्य रस्त्यावर विचारू नका, आत गल्लीत विचारा.”

रात्री बहिणीकडे मुक्काम केला आणि सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धिमी लोकल. प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड. याच वाटेने वडिलांबरोबर मी नऊ वर्षांचा असताना आलो होतो. त्यांनी आधी स्टेशनासमोरच्या मेरवानमध्ये मावा केक खाऊ घातला आणि मग बजावलं, “आता दुकानात काही मागायचं नाही.” मी मागितलं नाही, पण एका शेठने आपणहून माझ्या हातावर लाल एलईडी ठेवला. तो कित्येक वर्षं माझ्या कंपासपेटीत होता.

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण धंदेवाल्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याचं नाव लोकांनी सोडलं नाही. रस्ता आजही गजबजलेला आहे, ओस पडलाय असं कुणी म्हणू नये. लॅपटॉप, कॅमेरे, स्पीकर, वॉकीटॉकी, हातगाड्यांवर चार्जर. सुट्या भागांची दुकानं मात्र रस्त्यावरून आत सरकलीत, जिन्याखाली, पहिल्या मजल्यावर, गल्लीच्या टोकाला. रस्त्यालगतचा गाळा चार रुपयांच्या कंडेन्सरवर परवडत नाही.

मी सात ठिकाणी विचारलं. तिघांनी आयएफटी हा शब्दच ऐकला नव्हता. एकाने डबाभर जुने गँग कंडेन्सर, म्हणजे स्टेशन बदलायचे, दाखवले, टू-जे गँग, प्लॅस्टिकचे, नवेकोरे, आणि म्हणाला, सगळे घेऊन जा. आठवं दुकान जिन्याखालचं. जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. भिंतभर छोटे खण आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या भागाचा एकेक नमुना चिकटवलेला. मला अप्पांचं दुकान आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

शेठ पंचाहत्तरीचे असावेत. मी मागितलं ते त्यांनी लगेच काढलं नाही. आधी विचारलं, “कशाला पायजे?” रेडिओ काउंटरवर ठेवला. त्यांनी मागचं झाकण उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक जवळजवळ आत घातलं. “हाताने बनवलाय. सोल्डरिंग बघा, एक पण कोरडा जॉइंट नाय. कोणी केला?”

“वडिलांनी.”

“माल इथूनच घेतला असेल.”

मग बोलत राहिले. १९८२ साली रंगीत प्रसारण सुरू झालं, एशियाड आलं आणि टीव्ही किटसाठी गिऱ्हाइकांची रांग लागली. नगर, जळगाव, रत्नागिरी, कुठून कुठून मेकॅनिक यायचे, चिठ्ठीवर यादी घेऊन. हवा त्या नंबरचा ट्रान्झिस्टर मिळाला नाही तर शेठ बदली सुचवायचे. बीएफ ४९४ च्या जागी बीसी ५४७ चालून जातो, पण पायांचा क्रम वेगळा. पहिल्याचा मधला पाय एमिटरचा, दुसऱ्याचा बेसचा; तसाच बसवला तर रेडिओ मुका. जर्मेनियमच्या जागी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर घातला तर बायसही, म्हणजे त्याला दिलेला सुरुवातीचा व्होल्टेज, बदलावा लागतो. हे सगळं गिऱ्हाइकाला काउंटरवर, दोन रुपयांच्या मालाबरोबर फुकट मिळायचं. मीही गेली दहा वर्षं घरबसल्या पाकिटं मागवतोय. पाकिटात जो नंबर लिहिला तोच भाग येतो, आणि मी चुकीचा नंबर लिहिला असेल तर तेही मला कुणी सांगत नाही. या दुकानांतून गिऱ्हाईक कमी झालं त्यात मीही एक आहे, हे त्या जिन्याखाली उभं राहून मला नीट कळलं.

“मुलगा बसतो का दुकानात?” मी विचारलं.

“तो कॉम्प्युटरमध्ये आहे. चांगला आहे.” एवढंच म्हणाले.

पिवळा होता. पण लाल-पिवळा-पांढरा-काळा असा चौघांचा सेट होता, धाग्याने बांधलेला. शेठ सेट फोडायला तयार नव्हते. “एक काढला तर तीन अनाथ. चारी घ्या.” मी चारही घेतले. त्यांनी मीटर लावून प्रत्येकाची तार शाबूत आहे का ते बघितलं, मगच कागदात गुंडाळले. वर एक प्लॅस्टिकची काडी दिली, स्वेटर विणायच्या सुईचं टोक घासून चपटं केलेली. “लोखंड लावायचं नाय. पांढऱ्या-काळ्याला हात नको. पुसट स्टेशन लाव, पिवळा हळूहळू फिरव, आवाज सगळ्यात मोठा झाला की थांब.” कधी ते मला ‘अरे-तुरे’ करायला लागले ते माझ्या लक्षातही आलं नाही. काडीचे पैसे घेतले नाहीत. निघताना म्हणाले, “आवाज आला की फोन कर.”

परतताना चारही डब्या मी शर्टाच्या खिशात ठेवल्या, पिशवीत नाही.

शनिवारी रात्री साडेदहाला बसलो. रात्री मध्यम लहरींवर लांबची केंद्रंही लागतात. जुना पिवळा उकलून काढला, नवा बसवला, पांढऱ्या-काळ्यावरचं वडिलांनी ओतलेलं मेण तसंच राहू दिलं. सुईने पिवळा पाव फेरा फिरवला. खरखरीच्या मागून तबला आला, मग बाईचा आवाज, मग तबला स्पष्ट. आई आतल्या खोलीतून उठून आली आणि दारातच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेठना फोन केला. पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग त्यांनी विचारलं, “व्हॉल्यूम फिरवताना खर्र खर्र करतो?”

“हो, थोडं.”

“मग व्हॉल्यूम कंट्रोल गेला. पाच के, स्विचवाला. माझ्याकडे तीन आहेत. कधी येतोस?”