ॲडमिरल पॅरी यांचं सेवापुस्तक

१३ सप्टेंबर १९४८ ही तारीख सोलापुरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी इथून रणगाडे नळदुर्गाच्या रोखानं निघाले आणि आठवड्याच्या आत निजामाचा कारभार आटोपला. त्या फौजेचे जयंतनाथ चौधरी सगळ्यांना माहीत. पण त्या दिवशी स्वतंत्र भारताच्या तिन्ही दलांचे प्रमुख ब्रिटिश होते, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. लष्कराचे रॉय बुचर, हवाई दलाचे थॉमस एल्महर्स्ट आणि नौदलाचे एडवर्ड पॅरी. पॅरी तर १४ ऑगस्टला रुजू झालेले, म्हणजे खुर्चीवर बसून जेमतेम महिना.

या माणसाचं नाव निघालं की 'रिव्हर प्लेटच्या लढाईतला कॅप्टन' एवढंच सांगितलं जातं. ती लढाई चालली सुमारे सव्वा तास. नोकरी चालली १९०५ ते १९५२. बाकीची वर्षं नीट वाचल्याशिवाय त्यांना दिल्लीला का पाठवलं ते कळत नाही.

आधी बढतीचा जिना. त्या काळी ब्रिटिश नौदलाचा अधिकारी व्हायला मुलगा बारा-तेराव्या वर्षीच ऑस्बर्नच्या कॉलेजात जायचा, तिथून डार्टमथला, मग मिडशिपमन म्हणून थेट जहाजावर. पुढे सब-लेफ्टनंट, लेफ्टनंट. लेफ्टनंटकीची आठ वर्षं भरली की लेफ्टनंट कमांडर आपोआप, नुसती सेवाज्येष्ठता. खरी चाळणी त्यानंतर. कमांडर आणि कॅप्टन ही पदं निवडीनं मिळायची. निवडयाद्या वर्षातून दोनदा लागायच्या, ३० जून आणि ३१ डिसेंबरला, आणि तिथे गोपनीय अहवाल बोलायचा. आपल्याकडे जिल्हा परिषदेत नोकरी केलेल्या कुणालाही हे वेगळं समजावायला नको.

गंमत अशी की कॅप्टन झाल्यावर पुन्हा ज्येष्ठताच. यादीत वरची नावं हलली की आपण वर सरकायचं. टोकाला पोचल्यावर कित्येकांना रिअर ॲडमिरल करायचे आणि लगेच निवृत्तांच्या यादीत टाकायचे. पॅरी १९३४ला कॅप्टन झाले आणि १९४४ला रिअर ॲडमिरल. मधे महायुद्ध होतं, गाजलेली लढाई होती, तरी दहा वर्षं लागली. शौर्यानं पदक मिळतं, ज्येष्ठता मिळत नाही.

नेमणूक नसेल तेव्हा अर्धा पगार. पहिल्या महायुद्धानंतर १९२२च्या 'गेडिस कुऱ्हाडी'त, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या खर्चकपातीत, अधिकाऱ्यांची थेट छाटणीच झाली. त्या वर्षांत जो टिकला तो विशेष कौशल्यावर टिकला, असं माझं मत. पॅरी टॉर्पेडोचे तज्ज्ञ होते. नाव ऐकून वाटतं की हा माणूस फक्त टॉर्पेडो सोडत असणार. तसं नाही. जहाजावरची वीज म्हणजे जनरेटर, वायरिंग, दिवे, हे सगळं १९४६पर्यंत टॉर्पेडो शाखेकडेच असायचं. थोडक्यात हा जहाजाचा वीज अभियंतासुद्धा. नंतर १९३६च्या सुमाराला ते पोर्टलंडच्या 'ऑस्प्रे' या पाणबुडीविरोधी शाळेचे प्रमुख झाले. तिथे ॲस्डिक शिकवायचे: पाण्यात ध्वनी सोडायचा, पाणबुडीवर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकायचा आणि त्यावरून दिशा आणि अंतर काढायचं. शांततेच्या काळातली ही दोन कामं पुढे भारतात तोफेपेक्षा जास्त उपयोगी पडण्यासारखी होती.

जानेवारी १९३९मध्ये ते 'अकिलीस' या क्रूझरचे, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकेचे, कॅप्टन झाले. जहाज न्यूझीलंडच्या सेवेत, निम्म्याहून जास्त खलाशी तिकडचेच.

१३ डिसेंबर १९३९, दक्षिण अटलांटिक, प्लेट नदीच्या मुखासमोर. जर्मन युद्धनौका 'ग्राफ श्पे'कडे ११ इंची सहा तोफा. एक गोळा सुमारे ३०० किलोचा. मार्केट यार्डातली ज्वारीची क्विंटलाची तीन पोती एकावर एक बांधून फेकल्यासारखं. 'अकिलीस' आणि 'एजॅक्स'कडे ६ इंची आठ-आठ तोफा, गोळा सुमारे ५१ किलोचा, म्हणजे अर्धं पोतं. त्यांच्या बाजूचं तिसरं जहाज 'एक्झेटर', त्याच्या सहा तोफा ८ इंची. लढाईला तोंड फुटलं ते सतराएक किलोमीटरवरून. सोलापूर स्टेशनातून मारलेला गोळा होटगीच्या पलीकडे पडावा, एवढं अंतर. या तिन्ही जहाजांचे प्रमुख कमोडोर हारवुड यांनी एका बाजूनं एक्झेटर आणि दुसऱ्या बाजूनं उरलेली दोन अशी विभागणी केली, म्हणजे शत्रूला तोफांचा मारा वाटून घ्यावा लागेल.

इथे एक बारकावा आहे, तो बहुतेक वर्णनांत सुटतो. दोन जहाजं एकाच लक्ष्यावर मारू लागली की पाण्याचे उडालेले फवारे कुणाचे ते ओळखता येत नाही. म्हणून दोघांनी एका हुकमानं मारायचं: एजॅक्सनं अंतर ठरवायचं, वायरलेसवरून अकिलीसला कळवायचं, आणि वरून एजॅक्सचं विमान गोळे 'कमी पडले' (म्हणजे लक्ष्याच्या अलीकडेच पडले) की 'पलीकडे गेले' ते सांगणार. ६:४०ला ११ इंची गोळा अकिलीसच्या अलीकडे, पाण्यावर फुटला. थेट लागला नाही, पण ठिकऱ्या वर उडाल्या आणि तोफांच्या नियंत्रण मनोऱ्यात घुसल्या. तिथले चार खलाशी गेले, तोफखान्याचा अधिकारी सुन्न झाला, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या जागी, पॅरींच्या पायांना जखमा झाल्या. पाचेक मिनिटांत वायरलेसही बंद पडला. अकिलीस स्वतःच्या अंदाजानं मारू लागलं आणि त्याचे गोळे कमी पडू लागले. विमान सांगतंय 'कमी', आणि एजॅक्सला वायरलेस तुटल्याचा पत्ताच नाही. त्यांना वाटलं आपलेच गोळे कमी पडताहेत. त्यांनी अंतर वाढवलं आणि त्यांचे गोळे शत्रूच्या डोक्यावरून पलीकडे जाऊ लागले. सात वाजून आठ मिनिटांपर्यंत, म्हणजे वीसेक मिनिटं, दोन्ही जहाजांचा मारा असा वाया गेला. दोष कुणा माणसाचा नव्हता. 'तुटलो' हे सांगण्याचं साधनच तुटलं होतं.

एक्झेटरवर ६१ माणसं गेली, ग्राफ श्पेवर ३६. १७ डिसेंबरला जर्मन कॅप्टननं जहाज माँटेव्हिडिओबाहेर स्वतःच बुडवलं.

त्यानंतरची वर्षं भराभर सांगतो. १९४०पासून न्यूझीलंडच्या नौदलाचे प्रमुख, मग 'रिनाउन' या मोठ्या युद्धनौकेचे कॅप्टन. १९४४ला नॉर्मंडीच्या स्वारीत पहिल्या लाटेमागून जाणाऱ्या 'फोर्स एल'चे नौदल सेनापती. म्हणजे पुढच्या फळीला मागून माणसं आणि रणगाडे वेळेत पोचवण्याचं काम, ज्याचं चित्र कुणी काढत नाही. युद्धानंतर बर्लिनच्या नियंत्रण आयोगात, आणि १९४६ ते १९४८ नौदल गुप्तवार्ता विभागाचे संचालक.

युद्ध आलं की निवृत्तही परत बोलावले जात आणि प्रवासी जहाजंसुद्धा. भैया चौकातल्या कोटणीस स्मारकात जाणाऱ्यांसाठी एक जोड: डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८च्या सप्टेंबरात मुंबईहून ज्या 'राजपुताना' बोटीनं निघाले, तिच्यावर वर्षभरानं ६ इंची तोफा बसवून तिला सशस्त्र क्रूझर केलं. १३ एप्रिल १९४१ला आइसलंडजवळ जर्मन पाणबुडीनं ती बुडवली.

भारतात पॅरी आले ते प्रतिनियुक्तीवर. कारण सरळ हिशेबाचं. भारतीयांना अधिकारीपदाचं दार उशिरा उघडलं, त्यामुळे १९४७ला सगळ्यांत ज्येष्ठ भारतीय नौदल अधिकाऱ्याचीही प्रमुखपदाएवढी सेवा झालेली नव्हती. फाळणीत जहाजं आणि माणसं वाटली गेली होती. १९४६च्या खलाशांच्या उठावाला दोनच वर्षं झालेली. अशा वेळी लागतो तो शाळा चालवलेला, बिनगाजावाजाचा माल पोचवलेला, कागदपत्र वाचता येणारा माणूस. आणि योगायोग बघा: ५ जुलै १९४८ला भारतानं जे पहिलं क्रूझर घेतलं ते हेच अकिलीस, नवं नाव 'दिल्ली'. सप्टेंबरात ते मुंबईला लागलं. जुना कॅप्टन आणि जुनं जहाज नऊ वर्षांनी एकाच नौदलात. तोफा मात्र आठ नव्हत्या, सहाच. १९४३ला ग्वाडलकॅनालजवळ बॉम्बनं एक जोडतोफ निकामी केली होती आणि पुढे ती जागा विमानविरोधी तोफांना दिली गेली. जुन्या फोटोत तोफा मोजल्या की फोटो कोणत्या काळातला ते कळतं. पॅरी असतानाच १९४९मध्ये 'राजपूत', 'रणजीत' आणि 'राणा' या विनाशिका आल्या, आणि २६ जानेवारी १९५०ला नौदलाच्या नावातला 'रॉयल' गेला.

कुणाला हे सगळं सोलापुरात बसून तपासायचं असेल तर जुन्या 'नेव्ही लिस्ट', म्हणजे ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यांच्या छापील याद्या, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ऑनलाइन ठेवल्या आहेत. पदाची तारीख तिथे मिळते. दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. एक, 'विल्यम एडवर्ड पॅरी' शोधलं की आधी १७९०ला जन्मलेला उत्तर ध्रुवाकडचा दर्यावर्दी येतो, आपला १८९३चा. दोन, नौदलातला कॅप्टन म्हणजे लष्करातला कर्नल. लष्करी कॅप्टनच्या बरोबरीचा नौदलात लेफ्टनंट असतो. मराठी वर्तमानपत्रांत ही गल्लत अजून दिसते. शिवाय छोट्या विनाशिकेवर लेफ्टनंट कमांडर असला तरी खलाशी त्याला कॅप्टनच म्हणतात, म्हणून हुद्दा आणि पद वेगळं लिहून ठेवावं.

पॅरी १९५१च्या ऑक्टोबरात परत गेले. त्यांच्या जागी मार्क पायझी, मग स्टीफन कार्लिल, दोघंही ब्रिटिश. 'दिल्ली' भारताकडे आलं तेव्हा कॅप्टन ब्राउन यांच्या हाताखाली त्या जहाजावर दुसऱ्या क्रमांकाला होते कमांडर रामदास कटारी. २२ एप्रिल १९५८ला नौदलप्रमुखाच्या खुर्चीवर ते बसले.