वणव्यात जळालेलं घर मृगाआधी शाकारताना

लांजा तालुक्यातल्या मित्राचं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) कौलारू घर मार्चच्या मध्यावर सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, उतरलेल्या वणव्यात जळालं. छप्पर, माळा आणि आतलं सगळं गेलं, भिंती तेवढ्या राहिल्या. मृगाला बारा आठवडे होते. मातीच्या सांध्यांची भिंत वरून उघडी राहिली तर कोकणातला एक पावसाळाही काढत नाही. पाणी सांध्यांत शिरतं, माती वाहून जाते आणि चिरे सुटतात. म्हणून आम्ही सगळी कामं पावसापासून उलटी मोजली.

पहिले दोन दिवस आत जायचं नाही. जाड तुळयांच्या आत विस्तव धुमसत राहतो. दारा-खिडक्यांवरच्या लाकडी तुळया जळालेल्या असल्या तर त्यांच्यावरची भिंत नुसती लोंबत असते, तिला आधी टेकू द्यावे लागतात. वायरमनकडून खांबावरूनच वीज तोडून घ्यायची. तापलेल्या चिऱ्यावर पाण्याचा जोरदार मारा करू नये, चिरा तडकतो.

पंचनामा होईपर्यंत राखेला हात लावायचा नाही, ही गोष्ट मदतीला धावून येणाऱ्यांना समजावणं सगळ्यात अवघड गेलं. सगळ्यांना लगेच झाडलोट करायची असते. आम्ही आधी प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो काढले आणि ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, पडवी, माळा या क्रमाने यादी केली. खोलीचं नाव घेऊन विचारलं की माणसाला वस्तू आठवतात, "काय काय गेलं?" म्हटलं की काहीच सुचत नाही. कणगीतलं भात, काजू बी, वितळून गोळा झालेली ॲल्युमिनियमची पातेली, सगळं लिहिलं. तलाठ्यांना दिलेल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला.

पंचनाम्यात सगळा खेळ एका शब्दावर असतो: 'पूर्ण' की 'अंशतः'. केंद्राच्या 2022-23 ते 2025-26 च्या आपत्ती-मदतीच्या निकषांत पूर्ण नष्ट घराला सपाट भागात 1,20,000 रुपये होते, डोंगरी भागात 1,30,000. अंशतः पडझडीला, तीही किमान 15 टक्के असेल तर, पक्क्या घरासाठी 6,500. भिंती उभ्या दिसल्या की 'अंशतः' लिहिलं जाण्याची भीती असते. त्यामुळे सही करण्याआधी भिंतींच्या भेगा, ओळंब्याबाहेर गेलेले कोपरे आणि जळालेल्या तुळया मोजमापासह नोंदवून घ्याव्यात, शिवाय पंचायत समितीच्या अभियंत्याचा अभिप्राय मागावा. त्याच निकषांत कपडे आणि भांड्यांसाठी कुटुंबाला प्रत्येकी 2,500 वेगळे होते. ते मागायचे राहू नयेत. घरपट्टी आजोबांच्या नावावर होती, म्हणून सगळ्या वारसांचं संमतीपत्र लागलं. आमचा सर्वांत जास्त वेळ तिथे गेला. भाऊबंद मुंबईला असतील तर ते काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

जळक्या नोटा सुट्ट्या करायला जाऊ नका, त्यांचा चुरा होतो. आहे तो गठ्ठा कापसात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. फार जळालेल्या नोटा बँकेच्या शाखेत घेत नाहीत, त्या रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसातच द्याव्या लागतात.

राख हलकी ओली करून, मास्क लावून भरली आणि विहीर व पऱ्ह्यापासून (ओढ्यापासून) लांब टाकली. गोठ्यावरचे सिमेंटचे जुने पत्रे फुटले होते. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून ते ओले ठेवून न फोडता वेगळे बांधले.

आता भिंती. चिरा हातोडीने ठोकून ऐकायचा. टणक आवाज आला तर ठीक, भदभद आला तर संशय. खिळा अर्धा इंच सहज रुतला तर तो चिरा बदलायचा, हे आम्ही माप धरलं. सगळीकडे वरचे दोन थर काढावे लागले. त्यावर भिंतीच्या रुंदीची, सहा इंच जाडीची काँक्रीटची पट्टी फिरवली: 10 मिलिमीटरच्या चार सळ्या, आठ इंचांवर रिंगा, माल 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी). नऊ इंच भिंतीच्या 120 फूट लांबीला सिमेंटच्या आठ-नऊ गोण्या आणि 10 मिलिमीटरची साधारण 95 किलो सळी लागते. छपराचे बोल्ट पट्टी ओतताना त्यातच रोवायचे, मागून भोकं पाडली तर पट्टी कमजोर होते. एप्रिलात विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि पट्टीला पाणी मारणं मात्र टाळता येत नाही. ओलं गोणपाट अंथरून आम्ही रोज तीन पिंपांत भागवलं, दहा दिवस.

जाड तुळई वरून काळी झाली म्हणून टाकायची घाई नको. कोळसा तासून काढावा, त्याखालचं करपलेलं लाकूडही काढावं आणि उरलेली जाडी मोजावी. एक आढं असं वाचलं. वासे आणि रिपा मात्र सगळ्या गेल्या होत्या. लाकडाची वाट पाहत बसलो असतो तर मृग चुकला असता, म्हणून लोखंडी पाइप घेतले. मंगलोरी कौलं ब्रासला (शंभर चौरस फुटांना) साधारण दीडशे लागतात, दहा टक्के फुटीची धरावीत. जुनी वाचलेली आणि नवी कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून एका पाख्यावर एकाच छापाची लावली. रिपांचं अंतरही हातातलं कौल मोजूनच ठरवायचं. तिथे पाव इंच चुकलं तर गळती ठरलेली.

घराला आग लागली ती ज्वाळेने नव्हे, ठिणग्यांनी. कौलांखालच्या फटी, पन्हळीत साठलेला पाचोळा आणि भिंतीला टेकून रचलेली सरपणाची रास, या तीन ठिकाणी. पागोळीलगतच्या फटींना आता तीन मिलिमीटर भोकांची लोखंडी जाळी आहे, पन्हळ फेब्रुवारीपासून दर आठवड्याला साफ होते आणि पेंढ्याची उडवी साठ फुटांवर, पऱ्ह्याच्या पलीकडे गेली आहे. सड्याच्या बाजूला पंधरा फुटांची पट्टी गवत पुरतं वाळायच्या आत कापून काढायची. कापलेलं गवत तिथेच पडू द्यायचं नाही.