खाडीवरचे पूल बघायचे तर बाजूने बघा

मुंबईला नवी मुंबईशी जोडणाऱ्या अटल सेतूवर गाडी कडेला लावून सेल्फी काढणाऱ्यांना दंड होतो, आणि व्हायलाच हवा. मोटारी तिथे ताशी १०० किमीने येतात. शिवाय पुलावर उभं राहून पूल दिसत नाही; दिसतो तो रस्ता आणि कठडा. पूल म्हणजे खांब, त्यांच्यामधले गाळे आणि खालचं पाणी. ते बघायला बाजूची जागा हवी आणि भरतीची वेळ माहीत हवी.

वेळ काढायला अॅप लागत नाही, कॅलेंडरवरची तिथी पुरते. तिथीचा आकडा पाऊणपट करा, पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. एकादशीला सव्वाआठ. वेळ थोडी इकडेतिकडे होते, आणि ठाण्याकडे आत पाणी जरा उशिरा चढतं. फोटोत पाणी हवं असेल तर भरती गाठा. पूल समजून घ्यायचा असेल तर मात्र ओहोटीच बरी: खांबांचे पाये उघडे पडतात आणि शिंपल्यांच्या थरावरून पाणी कुठवर चढतं ते कळतं. खारं पाणी कधी लागतं, कधी वाळतं, असा हा पट्टा. लोखंड गंजायला मीठ, ओल आणि हवा या तिन्ही गोष्टी त्याला इथे मिळतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा पट्टा सगळ्यात रुंद उघडतो, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, कमी.

सगळ्यात स्वस्त गॅलरी म्हणजे हार्बरची लोकल. मानखुर्दहून वाशीला येताना डावीकडची खिडकी धरा (दारात लटकू नका), रस्त्याचे पूल शेजारीच दिसतात. नजर उत्तरेकडे असल्यामुळे हिवाळ्यात ऊनही डोळ्यांवर येत नाही. पहिला पूल १९७३चा. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून आत पोलादी केबल ताणून काँक्रीटला आधीच दाबून ठेवतात. या पुलाच्या केबलच गंजल्या. वरून काँक्रीट शाबूत दिसत असताना आतला दाब कमी होत जातो, हा या प्रकारच्या पुलांचा सगळ्यात वाईट आजार. नंतर बाहेरून केबल लावून डागडुजी झाली, जड वाहनांवर बंधनं आली आणि १९९७ मध्ये दुसरा पूल खुला झाला. आता तिसऱ्या पुलाच्या दोन्ही बाजू, २०२४ आणि २०२५ मध्ये खुल्या झालेल्या, वाहतूक वाहतात. पन्नास वर्षांत एकाच जागी तीन पिढ्या झाल्या. पर्यटनाच्या याद्यांत वाशीचा पूल क्वचितच सापडतो, पण शिकायला याच्याइतका चांगला पूल आसपास नाही.

अटल सेतू २१.८ किमीचा, त्यातला सुमारे १६.५ किमी पाण्यावर. दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, त्यामुळे स्वतःची मोटार नसेल तर या सेतूवरून जाणारी एनएमएमटीची (नवी मुंबई महापालिका परिवहनची) बस पकडा. बसची खिडकी कठड्यापेक्षा उंच असते हा वरचा फायदा. मुंबईकडे जाताना डावीकडे बसा, घारापुरी बेट आणि जेएनपीटी बंदर त्या बाजूला. उत्तरेला ट्रॉम्बेच्या भाभा अणुकेंद्रासमोर दृश्य अडवणारे पडदे आहेत, तिकडे डोळे ताणण्यात अर्थ नाही. बाजूने बघायचा तर शिवडीची जेट्टी. बहुतेक गाळे काँक्रीटचे, पण जहाजं आणि समुद्रतळाच्या पाइपलाइन जिथून जातात तिथे खांब दूर ठेवावे लागले आणि गाळे १८० मीटरपर्यंत वाढले. एवढ्या लांबीचं काँक्रीट स्वतःच्याच वजनाने जड होतं, म्हणून तिथे पोलादी पेट्या (आतून पोकळ तुळया) आहेत आणि रस्ता थेट पोलादी पत्र्यावर. दुर्बिणीतून खांबांमधलं अंतर कुठे वाढतं ते शोधा; जहाजाची वाट तिथेच.

हीच युक्ती ठाण्यात १७० वर्षांपूर्वीही वापरली होती. १८५४ मध्ये ठाण्याची आगगाडी कल्याणपर्यंत नेताना खाडीवर दगडी पूल बांधले, पण गलबतांसाठी एक ८४ फुटी गाळा ठेवून त्यावर लोखंड टाकलं. दगडी कमानी बघायच्या तर कळव्याचा ब्रिटिशकालीन पूल. वाहतुकीला तो बंद आहे. शेजारी नवा पूल २०२२ मध्ये खुला झाला. कमानीत दगड एकमेकांना दाबून धरतात, गंजायला केबलच नाही. पण असे पूल बहुधा पायाखालची माती वाहून गेल्यामुळे खचतात, आणि ती खोड पाण्याखाली असल्याने वरून दिसत नाही.

पाण्याच्या पातळीवरून खाडी बघायची असेल तर ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्राची बोट आहे. बोटीला पाणी लागतं, त्यामुळे फेऱ्या भरतीप्रमाणे रोज सरकतात. आधी बुकिंग करा. केंद्र सोमवारी बंद असतं. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे.